गाडी परवडण्याचा उपाय

गाडी वापरली की खर्च होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. न वापरलेली गाडी वापरलेल्या गाडीपेक्षा महाग पडते, हे कळायला मात्र माणूस ऑडिटमधून निवृत्त झालेला असावा लागतो. तिसऱ्या मजल्यावरचे ऑडिटकाका तसे होते. हयातभर त्यांनी दुसऱ्यांच्या हिशेबांतल्या चुका काढल्या, आणि आता निवांतपणे घरातल्या चुका काढाव्यात म्हणून घरी बसले, तर चुका करणारं घरात कोणी उरलं नव्हतं. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात होती. उरली होती ती एक पांढरी, चार दारांची, मागच्या बंपरला पोचा आलेली गाडी.

लेक दर रविवारी फोन करायची. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढं विचारून झालं की पुढे काय बोलायचं हे दोघांनाही सुचत नसे आणि मग हवापाण्यावर यावं लागे. त्या रविवारी मात्र लेक तयारीनिशी बसली होती. पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली. विमा, सर्व्हिसिंग, बॅटरी, टायर, पार्किंगची वर्गणी, रोज सकाळी गाडीला फडकं मारणाऱ्याचे पैसे, सगळ्याची बेरीज करून तिने त्याला वर्षभरात झालेल्या किलोमीटरनी भागलं होतं. उत्तर ऐकून काकांनी आधी दशांशचिन्ह नीट दिलंय ना, एवढंच विचारलं. दिलेलं होतं.

"बाबा, एवढे पैसे किलोमीटरला मोजलेत ना, तर टॅक्सीवाला तुम्हाला कडेवर घेऊन तीन जिने चढेल," ती म्हणाली. "विकून टाका. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."

आता गाडी वर्षभरात गेली तरी कुठे होती? बँकेत, दवाखान्यात, आणि बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा बिल्डिंगभोवती. या प्रदक्षिणेत वॉचमन दर फेरीला खुर्चीवरून उठून सलाम करायचा. चौथ्या फेरीपर्यंत दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं आणि मग काका गाडी लावून वर जायचे.

पण विकायचं नाव काढल्यावर काका घाबरले. गाडीवर त्यांचं प्रेमबिम होतं असं नाही. ऑडिटचा माणूस वस्तूवर प्रेम करत नाही, घसारा काढतो. भीती वेगळीच होती. आज गाडी गेली की उद्या लेक म्हणणार, एकट्याला तीन खोल्या कशाला? आणि परवा काका जावयाच्या घरातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत, दिवाणावर, कोणाची झोप मोडू नये म्हणून हळू खोकत पडलेले असणार. गाडी ही त्या जिन्याची पहिली पायरी होती, आणि काकांना ती उतरायची नव्हती.

म्हणून त्यांनी हरकत घेतली. हिशेब बरोबर, पण निष्कर्ष चूक. अपूर्णांक मोठा आला तर तो लहान करायचे दोन मार्ग असतात, अंश कमी करा नाहीतर छेद वाढवा. विमा काय, वर्गणी काय, गाडी हलली नाही तरी द्यावीच लागते. म्हणजे गाडी जितकी जास्त पळेल तितका किलोमीटरमागचा खर्च उतरणार. लेकीला गणितात खोट काढता येत नव्हती. शेवटी तह झाला. विम्याचं नूतनीकरण येईपर्यंत काकांनी किलोमीटरचा दर टॅक्सीच्या भाड्याखाली आणून दाखवायचा. आणला तर गाडी राहील, नाहीतर गिऱ्हाईक येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, किल्ली घेऊन खाली आले. गाडीत बसले, पट्टा लावला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कुठेही जायचं नाहीये.

याचा विचार तहाच्या वेळी झाला नव्हता. पहिला आठवडा त्यांनी कसाबसा काढला. कोपऱ्यावर मिळणारी कोथिंबीर आणायला ते गावाबाहेरच्या मंडईत जाऊन आले. पेट्रोल भरायला लांबच्या पंपावर गेले, आणि जाण्यायेण्यात भरल्यापैकी बरंचसं संपवून आले. एकदा विमानतळावर जाऊन विमानं बघितली, पण तिथल्या पार्किंगचं बिल बघून त्यांना विमानाचं तिकीट काढल्यासारखं वाटलं. शिवाय एकट्याने गाडी हाकण्यात एक वेगळाच त्रास होता. शेजारी कोणी नसलं की सिग्नल लांबतात. पूर्वी काकू शेजारी बसून डावीकडून स्कूटर येतेय, ट्रकच्या फार जवळ जाऊ नका, असं अखंड सांगत असायच्या आणि काका अखंड चिडत असायचे. आता स्कूटर आपली आपण येत होती आणि जात होती.

आठवड्याच्या शेवटी फाटकाशी पहिल्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. आजींचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, रोज व्यायामाच्या दवाखान्यात जायचं, आणि टॅक्सीची वाट बघत त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. काकांनी काच खाली केली आणि त्याच बाजूला निघालोय म्हणून सांगितलं. निघाले होते ते कुठल्याच बाजूला नव्हे, पण आजी बसल्या. आणि बसल्याबरोबर बोलायला लागल्या. गुडघ्यापासून सुरुवात झाली ती सून, सुनेची आई, दवाखान्यातली थंड हाताची मुलगी असं होत होत गाडी दवाखान्याच्या दाराशी पोचली तेव्हा गोष्ट अर्ध्यावर होती. उरलेली गोष्ट येताना ऐकायची म्हणून काका तासभर बाहेर थांबले.

त्या दिवसापासून छेद वाढायला लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई सकाळी क्लासला जायच्या, त्या बसल्या. चौथ्या मजल्यावरचा बँकेत नोकरी करणारा तरुण बसला. मागची सीट भरली, पुढे आजी. काकांनी बिल्डिंगमध्ये जवळजवळ दवंडीच पिटली होती की कुणाला कुठे जायचं असेल तर सांगा, मी निघालोच आहे. लोकांनाही आधी संकोच वाटला, मग सवय झाली, आणि सवय झाल्यावर गाडीत एसी का लावत नाहीत अशी कुजबुज सुरू झाली.

काकांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना एक शोध लागला होता. घरात समोरासमोर बसून माणसं बोलत नाहीत, पण गाडीत सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात, कोणाला कोणाकडे बघावं लागत नाही, आणि मग माणूस मोकळा होतो. बाई सांगायच्या की मुलांना अपूर्णांक येत नाहीत. काका म्हणायचे, मोठ्यांनाही येत नाहीत. बँकेतला सांगायचा की साहेब बढतीची फाइल दाबून बसलाय. संध्याकाळी घरी आल्यावर काका या गोष्टी मनात पुन्हा चालवायचे आणि उद्या काय विचारायचं ते ठरवून ठेवायचे. फाइलचं काय झालं, हा प्रश्न त्यांनी एकदा जेवताना मोठ्याने म्हणून बघितला. ताटासमोर कोणी नव्हतं, पण प्रश्न बरा वाटला. हळूहळू ते लांबचा रस्ता घ्यायला लागले. त्यात किलोमीटरही वाढायचे आणि गोष्टही पुरी व्हायची. बाईंना क्लासला दोनदा उशीर झाला, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं की पुलावरून गेलं तर जवळ नाही का पडत. काकांनी पुलावरच्या गर्दीचं असं वर्णन केलं की ऐकणाऱ्याला वाटावं पूल पडलाच आहे.

दर उतरत होता, पण गाडीही झिजत होती. क्लच गेला. मागच्या सीटची स्प्रिंग वर आली आणि बँकेतला तिच्यावर बसला, तेव्हा तीही बदलावी लागली. मेकॅनिकने गाडी उभी राहिली तर सडते आणि चालवली तर झिजते असं तत्त्वज्ञान सांगून दोन्हीचं बिल लावलं. रविवारी लेकीने बेरीज ऐकली आणि म्हणाली की बाबा, एकूण खर्च दुप्पट झालाय. काकांनी तिला शांतपणे समजावलं की एकूण खर्च हा या लेखापरीक्षणाचा विषयच नाही, आपलं ठरलं होतं ते किलोमीटरमागच्या खर्चाचं. आणि तो उतरतोय. आणखी दोन महिन्यांत टॅक्सीच्या खाली येईल.

टॅक्सीचं नाव काकांनी घेतलं, पण टॅक्सीवाल्यांचा विचार केला नाही. कोपऱ्यावरच्या स्टँडवरच्या टॅक्सीवाल्यांची या बिल्डिंगची सकाळची गिऱ्हाइकं अशी एकाएकी गेली कुठे, याचा त्यांनी शोध घेतला, आणि एक म्हातारा पांढऱ्या खासगी गाडीत परवान्याशिवाय भाडी मारतो अशी वाहन खात्यात तक्रार केली. त्यांचं काही चुकलं म्हणता येणार नाही. कोणी माणूस रोज सकाळी तीन माणसांना फुकट हिंडवत असेल, यावर कोणाचा विश्वास बसला असता?

आजींचा एक बाणा होता, फुकट कुणाच्या गाडीत बसायचं नाही. त्या रोज उतरताना पेट्रोलला म्हणून नोट पुढे करायच्या, काका रोज नको म्हणायचे, आणि दोघांची रोज ढकलाढकली व्हायची. घ्या हो, नको हो, मला मेलीला पाप लागेल, आणि मला लागणार नाही का. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात ही झटापट नेहमीप्रमाणे चालली होती, आणि समोरच्या झाडाखाली वाहन खात्याचे साहेब उभे होते. लांबून त्यांना दिसलं ते असं, की बिचारी म्हातारी पैसे देतेय आणि ड्रायव्हर ते झिडकारून जास्त मागतोय.

"ए, खाली उतर," साहेब म्हणाले.

ऑडिटकाकांना नोकरीत मोठमोठे अधिकारी दबकून असत. अरेतुरे त्यांना वडिलांनी केलं होतं, तेवढंच. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, साहेब आणखी कोणाला तरी म्हणत असावेत म्हणून. नव्हते म्हणत. मग चौकशी झाली. हे तुमचे कोण, असं बाईंना विचारल्यावर त्या म्हणाल्या, आमच्या बिल्डिंगमधले. नातं? नाही. मैत्री? बाईंनी बँकेतल्याकडे पाहिलं, बँकेतल्याने खिडकीबाहेर. त्याने आपलं घड्याळ बघितलं आणि मला उशीर होतोय म्हणत तो खरोखरच निघून गेला. आजींना वाटलं की आपण खरं सांगितलं तर काका सुटतील, म्हणून त्यांनी ठणकावून सांगितलं की मी रोज पैसे देते. ते घेत नाहीत, हे वाक्य त्यांच्या तोंडून निघेपर्यंत साहेबांचं लिहून झालं होतं. गाडी जप्त झाली. आजींना परतीला टॅक्सी करावी लागली, आणि तिच्या भाड्याबद्दल त्या काकांवर नाराज झाल्या.

वाहन खात्याच्या ऑफिसात काकांनी दोन दिवस काढले. गाडी सोडवायच्या अर्जाला मूळ कागदपत्रं लागत होती. कागदपत्रं गाडीच्या खणात होती. गाडी मागच्या आवारात होती, आणि आवारात जायला परवानगी लागत होती, जी मूळ कागदपत्रं दाखवल्याशिवाय मिळत नव्हती. कामात कसूर काढणाऱ्या माणसाला अशा ठिकाणी खरं तर मोक्षच मिळायचा, पण काकांना पहिल्यांदा कळलं की खिडकीच्या या बाजूला उभं राहिलं की पाय दुखतात. तिसऱ्या दिवशी त्यांना साहेबांसमोर बसवलं.

साहेबांनी आता अहोजाहो केलं, पण प्रकरण सरळ होतं. दोनच वाटा होत्या. भाडं घेत होतो असं लिहून द्या, दंड भरा, गाडी न्या. किंवा घेत नव्हतो म्हणत असाल, ही मित्रमंडळी होती म्हणत असाल, तर घरचे सोडून दोन माणसं इथे आणा, आमची यांच्याशी मैत्री आहे असं त्यांनी समोर सांगून सही द्यावी. आठ दिवसांची मुदत. काका ताडकन म्हणाले की जन्मात खोटी नोंद केली नाही, आताही करणार नाही. दोन माणसं आणतो. दोन माणसं म्हणजे ती काय.

लेकीला त्यांनी फोनवर सांगितलं. ती निघून यायला तयार होती, पण घरची माणसं चालणार नव्हती. ती म्हणाली, दोन मित्र आणायचेत ना, मग त्यात काय एवढं? काका म्हणाले, काहीच नाही. ते कसे म्हणाले कोण जाणे, पण लेकीच्या कानाने ते टिपलं.

"बाबा, एक सांगते, रागावू नका," ती म्हणाली. "जिथे आठ दिवसांत तुमच्यासाठी दोन माणसं उभी राहत नाहीत, तिथे तुम्हाला एकटं ठेवायचं नाहीये मला. मग गाडी तर विकूच, पण तुम्हीही इकडे या."

म्हणजे आता प्रश्न गाडीपुरता राहिला नव्हता. काका कामाला लागले. आधी बाईंकडे गेले. बाईंनी चहा दिला, फार वाईट वाटलं म्हणाल्या, पण बाईमाणसाने सरकारी कागदावर परपुरुषाशी मैत्री आहे असं कसं लिहून द्यायचं? शेजारधर्म लिहितात का, विचारा. काकांनी विचारलं होतं, शेजारधर्म चालत नव्हता. बँकेतला दारातच म्हणाला की बढतीची फाइल आता कुठे हललीय, अशा वेळी कुठल्या ऑफिसात नाव नको. आणि काका, खरं सांगायचं तर, मैत्री म्हणजे आपल्या वयात फार अंतर आहे हो. आजी मात्र एका पायावर तयार होत्या, त्यांचा जो काही बरा असेल त्या पायावर. फक्त त्या म्हणाल्या की मी खोटं बोलणार नाही, मी रोज पैसे देते हे सांगणारच. काकांनी त्यांना गुडघ्यांची काळजी घ्यायला सांगितलं आणि जिना उतरले.

बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी सल्ला फुकट दिला. मैत्री वगैरे लिहिता येणार नाही, त्याला कमिटीचा ठराव लागेल, आणि मीटिंग पुढच्या महिन्यात. मात्र या सभासदाची वर्गणी थकलेली नाही असं पत्र आत्ता देतो. काकांनी पत्र घेतलं. निदान त्यांच्याबद्दल कोणीतरी काहीतरी चांगलं लिहून दिलं होतं.

मग त्यांनी जुन्या ऑफिसातल्या लोकांना फोन लावले. एकाने आवाज ओळखला, हसून बोलला, मैत्रीचं नाव निघताच म्हणाला, "आठवतं का, माझं दौऱ्याचं प्रवासबिल तुम्ही कापलं होतंत? सामान उचलणाऱ्याची पावती नव्हती म्हणून." काकांना आठवत होतं. पावती नव्हतीच. दुसरा नंबर लावला तो त्यांच्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसलेल्या माणसाचा. सुनेने उचलला. बाबा मागच्याच वर्षी गेले, ती म्हणाली, तुम्हाला कळलं नाही का? सगळ्यांना कळवलं होतं आम्ही. काकांनी सांत्वनाचे दोन शब्द बोलून फोन ठेवला. ज्यांना कळवायचं त्या सगळ्यांत आपण नव्हतो, हे त्यांच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

एवढं झाल्यावर माणूस कुणालाही विचारतो. काकांनी मेकॅनिकला विचारलं, तो म्हणाला आधी स्प्रिंगचे बाकी राहिलेले द्या. वॉचमनला विचारलं, त्याची नेमकी गावी जायची रजा मंजूर झाली होती. संध्याकाळी काका बागेतल्या बाकावर जाऊन बसायला लागले, शेजारी कोणी येऊन बसलं तर बोलावं आणि बोलता बोलता आठ दिवसांत मैत्रीपर्यंत पोचावं, या विचाराने. एक गृहस्थ रोज यायचे. चौथ्या दिवशी काकांनी ऑफिसची गोष्ट काढली, आणि पाचव्या दिवसापासून ते गृहस्थ दुसऱ्या बाकावर बसायला लागले. काकांना त्यांचा राग आला नाही, उलट आपण घाई केली असं वाटलं.

मुदत संपली त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून साहेबांसमोर जाऊन बसले आणि भाडं घेत होतो असं लिहून देतो म्हणाले. जन्मातली पहिली खोटी नोंद, आणि तीही स्वतःच्या विरुद्ध. साहेबांनी कागद पुढे ओढला. किलोमीटरला किती घ्यायचात, ते विचारलं. काकांनी भाडं ठरवण्याचा कधी विचारच केला नव्हता, पण खोटी नोंद असली तरी ती हिशेबाने केलेली बरी. त्यांनी विमा, क्लच, स्प्रिंग आणि या आठ दिवसांत उभ्या गाडीचा घसारा धरून तोंडीच आकडा काढला आणि सांगितला.

साहेबांचं पेन थांबलं. "एवढं? अहो, टॅक्सी याच्या निम्म्यात जाते. एवढे पैसे मोजून तुमच्या शेजारी कोण बसेल?"

"कोणीच नाही," काका म्हणाले. "म्हणून तर फुकट नेत होतो."

साहेबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग ती दोन माणसं का नाही आणलीत, असं विचारलं. काकांनी सगळं सांगितलं, बाई, बँकेतला, आजी, प्रवासबिल, बागेतला बाक. मध्येच त्यांनी सेक्रेटरींचं पत्र काढून पुढे ठेवलं. साहेबांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि टेबलाच्या खणातून गाडीची किल्ली काढली.

"काका, मी प्रत्येकाला दोन माणसं आणायला सांगतो," ते म्हणाले. "जे खरंच भाडी मारतात ना, त्यांना दोन माणसं अर्ध्या तासात मिळतात. बाहेर पानाच्या टपरीवर उभीच असतात, चहापाण्यावर मैत्री सांगतात. तुम्हाला आठ दिवसांत एक मिळालं नाही. म्हणजे तुम्ही खरं बोलताय. जा, गाडी घेऊन जा. दंड नाही."

काकांनी आभार मानले, सही केली, किल्ली घेतली. निर्दोष सुटले, आणि सुटण्याचं कारणही कळलं. आवारात धुळीने पिवळी पडलेली गाडी उभी होती. आत बसल्यावर त्यांना वाटलं, दंड केला असता तर फार बरं झालं असतं. दंड परवडला असता. ते स्टीअरिंगवर हात ठेवून बसले आणि त्यांचे डोळे भरून आले, आणि तेव्हाच लेकीचा फोन वाजला.

"सुटली का गाडी?"

"सुटली. दंडही नाही."

"म्हणजे आले होते का कोणी?"

काकांनी डावीकडच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. "आले ना," ते म्हणाले. "दोघं आले."

साहेबांचं म्हणणं अगदी खरं होतं. खोटं बोलायला लागल्याबरोबर दोन माणसं मिळाली, अर्धा तासही लागला नाही. पलीकडे लेकीने सोडलेला श्वास त्यांना ऐकू आला. मग तिचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला. कोण, कुठले, मला कधी बोलला नाहीत, असं तिने एका दमात विचारलं.

"विषय निघाला नाही कधी," काका म्हणाले. "एक जरा बडबड्या आहे. प्रत्येक गोष्टीत सल्ले देणार. दुसरा कमी बोलतो, पण सांगितल्या वेळेच्या आधी येऊन बसला होता. मी पोचलो तर हा आपला खुर्चीत."

"बरं वाटलं बाबा. खरंच बरं वाटलं. मग राहा तुम्ही तिथेच, आणि गाडीही राहू दे. पण त्या दोघांना एकदा घरी जेवायला बोलवा. एवढं केलं त्यांनी."

"बोलावतो."

"आणि येतील ना ते?"

"येतील की," काका म्हणाले. "त्यांना तरी दुसरं कुठे जायचंय?"